पित्ताशयात खडे निघाले, आता पुढे काय?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘मल्टिपल जीबी कॅल्क्युलाय’ असं छापून आलं की घरोघरी दोनपैकी एक गोष्ट होते. काही जण त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घेऊन टाकतात. काही जण कुणीतरी सांगितलेला काढा सुरू करतात आणि रिपोर्ट कपाटात ठेवून देतात. दोन्हीच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं: हे खडे तुम्हाला त्रास देतायत का? खडे असणं वेगळं आणि खड्यांचं दुखणं असणं वेगळं. पुढचं जवळजवळ सगळं त्यावर ठरतं.

मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट आमच्याकडे सतत असतात. त्यातले जे फार आजारी होऊन येतात, ते बहुतेक वेळा उशीर झालेले असतात: महिनोन्‌महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाल्लेले, डोळे पिवळे झाल्यावर निघालेले. म्हणून या वाटेला नव्याने लागलेल्यांसाठी हे क्रमाने लिहिते आहे. डॉक्टरांच्या तपासणीची जागा हे घेणार नाही. त्यांच्याकडे जाताना काय सांगायचं आणि काय विचारायचं, ते कळावं यासाठी हे आहे.

आधी थोडं आतलं

यकृताच्या खाली उजव्या बाजूला बोटभर लांबीची एक पिशवी असते, तेच पित्ताशय. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. त्यातलं काही या पिशवीत साठतं आणि पाणी शोषलं गेल्यामुळे दाट होतं. आपण तूप-तेलाचं खाल्लं की लहान आतड्यातून एक संप्रेरक सुटतं, पिशवी आवळते आणि पित्त नळीवाटे आतड्यात उतरतं. पित्तात कोलेस्टेरॉलचं प्रमाण वाढलं किंवा पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली की आत स्फटिक धरतात आणि त्यांचे खडे होतात. खडा पिशवीत नुसता पडून असेल तर कळतही नाही. पिशवी आवळताना तो तोंडाशी अडकला की कळ येते.

जळजळ, आंबट ढेकर, डोकं दुखून उलटी झाली की बरं वाटणं, याला आपण घरात पित्त म्हणतो. त्याचा या पिशवीशी संबंध नाही, तो जठराचा किंवा अर्धशिशीचा विषय. त्यामुळे त्याची गोळी इथे कामाला येत नाही.

बायकांमध्ये हे खडे पुरुषांपेक्षा जास्त आढळतात, कारण गरोदरपण आणि स्त्री-संप्रेरकं. चाळिशी ओलांडलेली, वजन जास्त, मधुमेह, आई किंवा बहिणीला खडे झालेले, असं असेल तर शक्यता वाढते. एक गोष्ट लोकांना माहीत नसते: वजन झपाट्याने उतरवलं तरी खडे होतात. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन कमी करणारे कडक डाएट आणि लांबलेले उपास, दोन्हींत पिशवी आवळतच नाही आणि पित्त साचून राहतं. दुसरी गोष्ट विदर्भ आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठी. सिकलसेल असलेल्यांत तांबड्या पेशी सतत फुटत असल्यामुळे काळे खडे होतात, तेही लहान वयात. सिकलसेलच्या मुलाचं पोट वरच्या बाजूला वारंवार दुखत असेल तर सिकलसेलचीच कळ आहे असं गृहीत धरू नका, पोटाची सोनोग्राफी करून घ्या.

पहिली पायरी: दुखणं घड्याळ लावून ओळखा

खड्यांच्या कळेची एक ठरलेली चाल आहे. जेवणानंतर काही वेळाने, पुष्कळदा रात्री झोप लागल्यावर, छातीच्या पिंजऱ्याखाली उजवीकडे किंवा बरोबर मध्ये दुखायला लागतं. दुखणं चढत जातं आणि एका पातळीवर जाऊन तिथेच थांबतं. मुरडा येतो-जातो, ही कळ येत-जात नाही, ठाण मांडून बसते. कूस बदला, उठून बसा, ढेकर काढा, शौचाला जाऊन या, फरक पडत नाही. कमीत कमी अर्धा तास, जास्तीत जास्त पाच-सहा तास, आणि मग ती हळूहळू ओसरते. सोबत मळमळ किंवा उलटी असते, पण उलटीने आराम पडत नाही. दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत, म्हणूनच तो डॉक्टरांकडे जात नाही.

कुठे दुखतं असं विचारलं की हे पेशंट तळहात बरगडीखाली दाबून धरतात. मग तोच हात पाठीमागे नेऊन उजव्या फऱ्याखालची जागा दाखवायला बघतात, हात तिथवर पोचत नाही आणि नातेवाइकाला म्हणतात, ‘अगं, तू दाखव, तू चोळत होतीस ना.’ पुढून मागे फऱ्याकडे जाणारं हे दुखणं फार बोलकं आहे. डॉक्टरांना ते नक्की सांगा.

कळ कशाने आली हे आठवून बघा. लग्नातलं जेवण, मटण, तुपात भिजलेली पुरणपोळी, हे ओळखीचे प्रसंग. पण उपासाचा दिवसही बघा. सकाळपासून पोटात काही नाही आणि मग वाटीभर साबुदाण्याची खिचडी. तूप आणि दाण्याच्या कुटाने ती चांगलीच स्निग्ध असते, आणि दिवसभर भरून राहिलेली पिशवी एकदम आवळते. ‘आज तर उपास होता, बाहेरचं काही खाल्लंच नाही,’ असं म्हणत चतुर्थीच्या किंवा एकादशीच्या रात्री माणसं येतात.

एक छोटी वही करा. तारीख, काय खाल्लं, कळ किती वाजता सुरू झाली, किती वाजता थांबली, ताप आला का, लघवीचा रंग कसा होता. एवढं लिहिलेलं असेल तर सर्जनचं निम्मं काम झालं. ‘कधी कधी दुखतं’ यातून त्यांना काही कळत नाही.

नुसतं पोट फुगणं, गॅस, करपट ढेकर, जळजळ, हे खड्यांमुळेच असतं असं नाही. हा मुद्दा मी मुद्दाम ताणून धरते. पोट फुगतं म्हणून सोनोग्राफी केली, तीत योगायोगाने खडे दिसले, पिशवी काढली आणि पोट फुगणं तसंच राहिलं, असं होतं. ऑपरेशनआधी सर्जनना सरळ विचारा: माझी नेमकी कोणती तक्रार याने जाईल?

आणि एक सावधगिरी. वरच्या पोटात पहिल्यांदाच जोराचं दुखतंय, घाम फुटलाय, छाती जड वाटतेय, दम लागतोय, वय चाळिशीच्या पुढे आहे किंवा मधुमेह आहे, तर खडे असल्याचं माहीत असलं तरी आधी ईसीजी काढा. हृदयविकाराचा झटका पोटातल्या दुखण्याच्या रूपात येऊ शकतो, बायकांत आणि मधुमेहींत जास्त.

या खुणा दिसल्या तर सकाळची वाट बघू नका

कळ सहा तासांच्या वर टिकली, ताप आला, बरगडीखाली हात लावू देत नाही, तर पित्ताशयाला सूज आली आहे असं समजा. शिकागोचे सर्जन जॉन मर्फी यांच्या नावाने ओळखली जाणारी खूण डॉक्टर इथेच बघतात: उजव्या बरगडीखाली बोटं ठेवून दीर्घ श्वास घ्यायला लावतात, आणि सुजलेलं पित्ताशय बोटांना लागताच श्वास अर्ध्यावर अडकतो.

डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी, शौचाचा रंग मातकट-पांढुरका, हे खडा पिशवीतून निसटून मुख्य पित्तनळीत अडकल्याचं लक्षण. त्यात थंडी वाजून हुडहुडी भरून ताप आला तर नळीत जंतुसंसर्ग झालेला असतो, आणि तो काही तासांत रक्तात पसरू शकतो. कावीळ झाली म्हणून गावठी औषध घालणाऱ्याकडे जाण्यात यातलेच पेशंट दिवस घालवतात. खड्याने नळी बुजून झालेली कावीळ मुळीने, दोऱ्याने किंवा पथ्याने उतरत नाही. ती नळी मोकळी करावी लागते.

तिसरी खूण: पोटाच्या मध्यभागी भयंकर दुखणं, सरळ पाठीत घुसणारं, पुढे वाकून बसलं की किंचित बरं वाटणारं, आणि न थांबणाऱ्या उलट्या. खडा स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडाशी अडकला की स्वादुपिंडाला सूज येते. ती जिवावर बेतू शकते. खडा त्यासाठी मोठा असावा लागत नाही. उलट बारीक खडेच नळीत सहज उतरतात, म्हणून ‘खडे बारीकच आहेत’ हा दिलासा धरून बसू नका.

यातलं काहीही असेल तर खाणं-पिणं थांबवा, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका आणि निघा. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते. म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेहींत दुखणं आणि ताप दोन्ही मवाळ असू शकतात. आजी जेवत नाही, गळून गेली आहे, बडबडायला लागली आहे, एवढंच दिसतं. तेही तितकंच गंभीर घ्या.

दुसरी पायरी: सोनोग्राफी, आणि तिच्यावरचे शब्द

पोटाच्या सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी जायचं असतं, कारण खाल्लं की पिशवी आवळते आणि आकसलेल्या पिशवीत खडे दिसायला अवघड. ‘नुसता अर्धा कप चहा घेतला’ असं म्हणणारे रोज असतात. दुधाचा चहाही चालत नाही. पाणी चालतं. पूर्ण पोटाची सोनोग्राफी असेल तर लघवी भरलेली लागते, तेव्हा पाणी प्याच. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी, साखरेच्या गोळीचं मात्र विचारून घ्या.

पित्ताशयातले खडे दाखवण्यात सोनोग्राफी सीटी स्कॅनपेक्षा सरस आहे. कोलेस्टेरॉलचे पुष्कळ खडे सीटीत दिसतच नाहीत. त्यामुळे महागडी तपासणी आधी करून घ्यायचा आग्रह धरू नका.

रिपोर्ट हातात आला की हे शब्द शोधा. ‘कॅल्क्युलस’ म्हणजे एक खडा, ‘कॅल्क्युलाय’ म्हणजे अनेक. ‘स्लज’ म्हणजे पित्ताचा गाळ, अजून खडा न झालेला. ‘वॉल थिकनेस’ तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जाड, आणि सोबत ‘पेरिकोलेसिस्टिक फ्लुइड’ म्हणजे पिशवीभोवती पाणी, असं लिहिलं असेल तर सूज आहे. ‘सीबीडी’ ही मुख्य पित्तनळी, साधारण सहा मिलिमीटरपर्यंत असते, वय वाढेल तशी थोडी रुंदावते. ती ‘डायलेटेड’ असेल तर खडा नळीत उतरला असण्याची शंका घ्यायची. ‘पॉलिप’ म्हणजे भिंतीला धरलेली गाठ. ती दहा मिलिमीटर किंवा मोठी असेल तर पिशवी काढायचा सल्ला देतात.

लोक खड्याच्या आकड्यावर अडकतात, ‘बारा मिलिमीटर’ ऐकून घाबरतात. मी सांगेन, आकड्याआधी भिंत आणि सीबीडी या दोन ओळी वाचा. पुढची घाई किती, ते त्या दोन ओळी सांगतात.

सोबत रक्ताची तपासणी होते. यकृताच्या चाचणीत बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले असतील तर नळीचा संशय बळावतो. लायपेज नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीवर गेलं तर स्वादुपिंड सुजलं आहे. नळीचा खालचा भाग आतड्यातल्या हवेमागे दडतो, त्यामुळे सोनोग्राफीत नळीतला खडा न दिसणं म्हणजे तो नसणं नव्हे. अशा वेळी एमआरसीपी नावाचा एमआरआय सांगतात.

तिसरी पायरी: दुखत नसेल तर काय, दुखत असेल तर काय

दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केली आणि खडे दिसले, कळ कधीच आली नाही, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. खडे असलेल्या शंभर जणांपैकी सुमारे ऐंशी जणांना ते असल्याचं जाणवतही नाही, आणि दर वर्षी त्यातल्या एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. वरच्या खुणा घरातल्या दोन माणसांना सांगून ठेवा आणि नेहमीसारखं जगा. अपवाद आहेत: तीन सेंटिमीटरच्या वरचा खडा, मोठा पॉलिप, भिंतीवर साठलेला चुना, सिकलसेल. त्यांच्या बाबतीत न दुखताही पिशवी काढण्याचा विचार होतो. बोटीवर सहा-सहा महिने जाणाऱ्यांनीही सर्जनशी आधी बोलावं, कारण समुद्रात कळ आली तर हॉस्पिटल नसतं.

एकदा खरी कळ येऊन गेली की हिशेब बदलतो. ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते, आणि पुढची कळ आधीसारखी ओसरेलच याचा भरवसा नसतो. तेव्हा ठरवून, अंगात ताकद असताना, साखर आटोक्यात आणून केलेलं ऑपरेशन सगळ्यात चांगलं. सूज आलेली असेल तर पूर्वी प्रतिजैविकं देऊन सहा आठवडे थांबायचे. आता शक्य असेल तिथे पहिल्या काही दिवसांतच, आठवड्याच्या आत, ऑपरेशन करतात. उशीर झाला की आतले पदर एकमेकांना चिकटतात आणि काम अवघड होतं. गरोदरपणात वारंवार त्रास झाला तर मधले तीन महिने ऑपरेशनला सगळ्यात बरे मानतात. ‘बाळंतपण होईपर्यंत सोसा’ असं घरच्या घरी ठरवू नका.

कळ आली असताना डॉक्टर बहुतेकदा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक देतात आणि ते चांगलं लागू पडतं. किडनीचा त्रास, अल्सर, दमा असेल तर ते आधी सांगा.

काढे, विरघळवणाऱ्या गोळ्या, आणि तेल-लिंबू

कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं आपल्याकडे मुतखड्यासाठी घरोघरी सांगितली जातात. मुतखडा लघवीच्या वाटेने पडू शकतो. पित्ताशयाची वाट वेगळी, पाणी किती प्यायलं याच्याशी तिचा काही संबंध नाही. आणि इथे खडा ‘पडला’ तर तो पडतो पित्तनळीत, म्हणजे त्रास वाढतो. दोन्ही खड्यांना एकच औषध ही समजूत मनातून काढून टाका.

रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन सकाळी शौचातून हिरवे गोळे पडल्याचे फोटो फिरत असतात. असे गोळे प्रयोगशाळेत तपासले गेले आहेत, २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्यांत कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम काहीच नव्हतं. प्यालेल्या तेलाचा पोटात झालेला तो साबण होता. शिवाय एवढं तेल एकदम प्यायल्याने पिशवी जोरात आवळते आणि खडा अडकायला निमित्त मिळतं.

अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड ही गोळी खरी आहे, पण मर्यादित कामाची. लहान, चुना न साठलेले कोलेस्टेरॉलचे खडे असतील आणि पिशवी चालती असेल तरच उपयोग. सहा महिने ते दोन वर्षं घ्यावी लागते, आणि विरघळलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना पाच वर्षांत खडे परत होतात. ज्यांना भूल देता येत नाही त्यांच्यासाठी ती जास्त करून वापरतात.

‘नुसते खडे काढा, पिशवी राहू द्या’ असंही सगळे विचारतात. खडे करणारी पिशवी आत राहिली तर ती पुन्हा खडे करणार. पिशवीशिवाय पचन चालतं. यकृत पित्त बनवतच राहतं, फक्त साठा न होता ते थेट आतड्यात उतरत राहतं.

चौथी पायरी: नळीत खडा असेल तर ईआरसीपी, आणि स्टेंटची तारीख

नळीतला खडा काढायला तोंडातून दुर्बीण घालतात, नळीच्या तोंडाला छोटा छेद देतात आणि फुग्याने किंवा जाळीने खडा ओढून काढतात. यालाच ईआरसीपी म्हणतात. पोटावर टाका नाही. पण यात पिशवीतले खडे जागेवरच राहतात. ईआरसीपी झाली, कावीळ उतरली, बरं वाटलं आणि पेशंट घरी गेला तो गेलाच, हे आम्ही फार बघतो. पिशवीचं ऑपरेशन शक्यतो त्याच वेळी किंवा दोनेक आठवड्यांत उरकायचं असतं, नाहीतर दुसरा खडा नळीत उतरतो.

त्याहून महत्त्वाचं, नळीत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी, ठेवला आहे का ते डिस्चार्ज कार्डावर बघा. तो कायमचा नसतो. साधारण तीन महिन्यांच्या आत काढायचा किंवा बदलायचा असतो. विसरला तर तो बुजतो, त्याच्याभोवतीच खडा धरतो आणि थंडी-ताप-कावीळ सगळं परत येतं. डॉक्टरांनी दिलेली तारीख स्वतःच्या आणि मुलाच्या मोबाइलमध्ये त्याच दिवशी टाका.

पाचवी पायरी: ऑपरेशन ठरवताना

पहिलं पित्ताशय १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पोट उघडून काढलं. दुर्बिणीने ते १९८५ साली जर्मनीच्या एरिक म्यूहे यांनी काढलं, आणि आपल्याकडे १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी. आता जिल्ह्याच्या गावीच काय, तालुक्याच्या गावीही हे ऑपरेशन होतं. बेंबीपाशी आणि वरच्या पोटात मिळून सहसा चार छोटी छिद्रं, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करायची, पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी नीट मोकळी करून ओळखायची, त्यांना क्लिपा लावून कापायचं आणि पिशवी बेंबीच्या किंवा वरच्या छिद्रातून बाहेर काढायची. क्लिपा आत राहतात, त्यांचा त्रास होत नाही.

सर्जनना विचारायचे प्रश्न मी असे सांगते. सूज किती आहे आणि पोट उघडावं लागण्याची शक्यता किती? नळीत खडा नाही याची खात्री झाली आहे का? अडचण आली तर आयसीयू इथे आहे की दुसरीकडे हलवावं लागेल? मुख्य पित्तनळीला इजा होणं ही या ऑपरेशनातली सगळ्यात मोठी भीती. ती हजारात तीन ते पाच जणांत होते, आणि झाली तर मोठं दुखणं लागतं. म्हणूनच आतलं नीट दिसत नसताना सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतात, किंवा पिशवीचा थोडा भाग मागे ठेवतात. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ते फसल्यासारखं वाटतं. तो पेशंटला वाचवणारा निर्णय असतो, आणि संमतीपत्रावर ते आधीच लिहिलेलं असतं. सही करण्याआधी ती ओळ वाचा.

पैशांचं आधीच बघा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं हॉस्पिटल आहे का आणि तुमचं ऑपरेशन तिथे बसतं का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला अ‍ॅडमिट होण्याआधी विचारा; रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बघा. खासगी विमा असेल तर खड्यांसाठी बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांची वाट बघण्याची अट असते. आणि नवीन पॉलिसी घेताना रिपोर्टमधले खडे लपवू नका, दावा तिथेच अडकतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका आणि चालूही ठेवू नका, विचारा. मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं भूलतज्ज्ञांना दाखवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावाच्या गोळ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, आणि ‘साखरेची एक गोळी चालू आहे’ एवढंच सांगितलं तर ते राहून जातं.

ऑपरेशनचा दिवस

नेलपॉलिश, मेंदी नको, कारण ऑक्सिजन मोजणारी क्लिप बोटाला लागते. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र, नथ घरीच काढून ठेवा. मंगळसूत्र काढायला जीव कचरतो, मला माहीत आहे. पण ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारं उपकरण वापरतात, आणि अंगावरच्या धातूजवळ भाजण्याचा धोका नको. कवळी आणि हलणारा दात सांगा.

ऑपरेशन साधारण तासाभराचं, सूज असेल तर जास्त. मध्येच दार उघडून सर्जन किंवा सिस्टर नातेवाइकांना बोलावतात आणि ट्रेमध्ये काढलेली पिशवी आणि खडे दाखवतात. काही पिवळे, वाटाण्याएवढे, एकमेकांवर घासून पैलू पडलेले. काही काळे, खडबडीत, ज्वारीच्या दाण्याएवढे. बरेच जण ते बाटलीत घालून घरी नेतात. न्या, हरकत नाही, पण पिशवी मात्र बायोप्सीला गेलीच पाहिजे. पित्ताशयाचा कॅन्सर भारतात, विशेषतः उत्तरेकडे, बराच आढळतो, आणि कधी कधी तो फक्त बायोप्सीतच सापडतो.

शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा दुखतो, तेव्हा घाबरू नका. आत भरलेल्या वायूने श्वासपटलाला डिवचल्यामुळे ते होतं, दोन-तीन दिवसांत जातं. संध्याकाळी आम्ही उठवून चालवतो. ‘आजचा दिवस पडू द्या’ म्हणणाऱ्या मावशींनाही चालवतो, कारण चालण्याने पायात रक्ताची गुठळी धरत नाही आणि पोट लवकर सुरू होतं. बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात.

घरी आल्यावर

पहिले काही दिवस मऊ भात, वरण, ताक, भाकरी-भाजी असं थोडं थोडं खा. मग हळूहळू तेल-तूप वाढवत नेहमीच्या जेवणावर या. जन्मभर बिनतेलाचं खायचं नसतं. तूप पूर्ण तोडून वर्षभर उकडलेलं खाणारे पेशंट मी बघितले आहेत, त्याची गरज नाही. काहींना जेवल्यावर पातळ शौचाला होतं. बहुतेकांचं आपोआप कमी होतं, नाही झालं तर त्यावर औषध आहे, सांगायला संकोच करू नका.

कामावर एक-दोन आठवड्यांत जाता येतं. पण पाण्याचा हंडा, गॅसचा सिलिंडर, धान्याचं पोतं, हे चार ते सहा आठवडे उचलू नका, बेंबीच्या छिद्रातून हर्निया होऊ शकतो. पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर मुदत जास्त.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी न होता वाढत असेल, पोट फुगून टणक झालं असेल, ताप येत असेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा उलट्या थांबत नसतील, तर त्याच हॉस्पिटलला तेव्हाच फोन करा. पित्त गळत असण्याची किंवा नळीत खडा राहून गेल्याची ती खूण असू शकते, आणि लवकर कळलं तर बऱ्याच वेळा ईआरसीपीने भागतं.

टाके काढायला आठ-दहा दिवसांनी जाल, तेव्हा बायोप्सीचा कागद मागून घ्या. तो न नेता पडून राहिलेले लिफाफे आमच्या कपाटात नेहमी असतात. कागदावर काय लिहिलंय ते सर्जनना वाचून दाखवायला सांगा आणि मग तो डिस्चार्ज कार्डाला पिन करून ठेवा.